कोल्हा, द्राक्षे आणि तंजावर

(मंडळाच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मांडवात मी खुर्च्या लावतो, विजेची जोडणी बघतो आणि विसर्जनाच्या टेम्पोत पुढे बसतो. यंदा सेक्रेटरीसाहेबांनी माझे नाव वक्त्यांच्या यादीत घातले. मी डिप्लोमावाला इंजिनिअर. रूळ, स्लीपर, खडी आणि वेल्डिंग यापलीकडे मला चारचौघांत बोलता येत नाही. म्हणून मी एका गोष्टीवर बोलणार आहे. ती इथल्या प्रत्येकाला पाठ आहे, त्यामुळे मी चुकलो तर लगेच पकडता येईल. गोष्ट आहे कोल्हा आणि द्राक्षांची.

मी मूळचा तासगावचा. तिथल्या गणपतीच्या देवळाचे सात मजली गोपुर आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. परशुरामभाऊ पटवर्धनांनी कर्नाटकात मोहिमा केल्या, तिकडची देवळे त्यांच्या मनात भरली आणि सांगली जिल्ह्यात दाक्षिणात्य पद्धतीचे गोपुर उभे राहिले. तासगावची दुसरी ओळख म्हणजे द्राक्षे आणि बेदाणा. ‘तास-ए-गणेश’ हे वाण आमच्याच तालुक्यातले, नावातच गाव आणि देव दोन्ही आहेत. चुलत्यांची बाग होती. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी शाळा बुडवून केलेली आहे. तेव्हा द्राक्ष या विषयात मला थोडाफार अधिकार आहे असे समजावे. कोल्ह्याच्या विषयातही आहे. तो कसा, ते आता सांगतो.

रेल्वेत डिप्लोमावर लागलेल्या माणसाला वर जायचे तर विभागीय परीक्षा असते. ती पास झाली की साहाय्यक अभियंता, म्हणजे ऑफिसर. मी ती तीनदा दिली. पहिल्या वेळी लेखीतच गेलो. घरी सांगितले, ‘यंदा ब्लॉकवर ब्लॉक होते, अभ्यासाला वेळच नव्हता.’ दुसऱ्या वेळी पुन्हा लेखीत गेलो. सांगितले, ‘पेपर नेमका चुकीच्या वर्षी बदलला.’ तिसऱ्या वेळी लेखी पास झालो आणि तोंडी परीक्षेत गेलो. तेव्हा मात्र वेळेला दोष देता येईना. मग दुसऱ्या दिवशी साइटवर चहा पिताना मी म्हणालो, ‘ऑफिसर होऊन तरी काय मिळते? तीन वर्षांनी बदली आणि दिवसभर फाईल. आपले हे बरे आहे.’

आमचा मेट जवळच बसला होता. माझ्यापेक्षा वयाने मोठा. मी त्याला अण्णा म्हणतो, तो मला सार म्हणतो. त्याने ग्लास खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाला, ‘ची ची, इंद पळम पुळिक्कुम.’

सगळी गँग हसली. मीही हसलो, कारण हसण्याशिवाय काही करता येण्यासारखे नव्हते. ‘छी छी, हे फळ आंबट असणार’ असा त्याचा अर्थ. तामिळ मुलुखात हे वाक्य लहान पोरालासुद्धा माहीत आहे. घरी येऊन सौभाग्यवतींना हा किस्सा सांगितला. त्या पोळ्या लाटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘अहो, द्राक्षांचे राहू द्या. तुमचे कोल्हा काकडीला राजी असे आहे.’

एकाच दिवशी दोन भाषांनी मला कोल्हा ठरवले. तेव्हापासून मी या प्राण्याचा माग काढायला लागलो.

पहिल्यांदा आमच्या ऑफिसात चौकशी केली. रेल्वेच्या ऑफिसात भाषांना तोटा नाही. तेलुगू सहकारी म्हणाला, ‘अंदनि द्राक्ष पुल्लन’, हाती न आलेली द्राक्षे आंबट. कन्नड सहकारी म्हणाला, ‘कैगेटुकद द्राक्षी हुळी’, हाताला न पोहोचणारी द्राक्षे आंबट. मल्याळी म्हणाला, ‘किट्टात्त मुंतिरी पुळिक्कुम’, न मिळालेली द्राक्षे आंबट. यावर तामीळ मंडळी गोंधळली, कारण इथे मुंदिरी म्हणजे काजू आणि केरळात मुंतिरी म्हणजे द्राक्ष. काजू आंबट कसा, यावर दहा मिनिटे वाद झाला आणि चहाची सुट्टी संपली.

पण मला त्यात एक गंमत दिसली. तेलुगू, कन्नड आणि मल्याळम म्हणींत कोल्हाच नाही. फक्त हाती न आलेली द्राक्षे आहेत, ती कोणाचीही असू शकतात. तामिळमध्ये कोल्ह्याचे शब्द आहेत, कोल्हा स्वतः पडद्याआड. आणि आपल्या मराठीत? ‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट.’ कोल्हा पहिल्याच शब्दाला पकडलेला, आणि वर ‘ला’ प्रत्यय. म्हणजे द्राक्षांचा काही दोष नाही, ती आंबट आहेत ती याच्यापुरती, याला. बाकीच्यांनी खुशाल खावीत. मी व्याकरणाचा विद्यार्थी नव्हे. पण आपल्या म्हणीने त्या बिचाऱ्याला पळायला जागाच ठेवलेली नाही, एवढे मला दिसते.

ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो की ती परदेशी आहे हे ध्यानातही येत नाही. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही आपल्या शेताच्या बांधावरची. द्राक्षाची मात्र ग्रीसहून आलेली. पंचतंत्रात बोलकी जनावरे भरपूर, वाघाचे कातडे पांघरलेले गाढव तिथेही आहे आणि इसापाकडे ते सिंहाचे कातडे पांघरून येते. पण द्राक्षे आणि कोल्हा ही जोडी पंचतंत्रात नाही. ती इसापाची.

इसाप कोण? हेरोडोटस हा ग्रीक इतिहासकार इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात लिहून गेला की इसाप हा सामोस बेटावरच्या एका माणसाचा गुलाम होता. इसापाच्या हातचे काहीही उरलेले नाही. गोष्टी तोंडोतोंडी चालल्या आणि फार पुढे लोकांनी त्या जमवल्या. ग्रीक संग्रहात ही गोष्ट जेमतेम तीन-चार ओळींची आहे. भुकेला कोल्हा येतो, झाडावर चढलेल्या वेलीला लोंबणारे घड बघतो, ते मिळत नाहीत, आणि जाताना स्वतःशी म्हणतो की ती कच्ची आहेत.

लक्षात घ्या, कच्ची. आंबट हा शब्द तिथे नाही. आणि खाली जे तात्पर्य जोडले आहे ते असे, की काही माणसांना स्वतःच्या दुबळेपणामुळे काम जमत नाही आणि ती दोष देतात काळाला. मी हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. ‘ब्लॉकवर ब्लॉक होते’, ‘पेपर नेमका चुकीच्या वर्षी बदलला’ ही माझी दोन वाक्ये कोणीतरी कितीतरी शतकांमागे ऐकून ठेवली होती!

आमच्या बागेत हा फरक रोजचा. मण्यात पाणी उतरायच्या आधी द्राक्ष कडक आणि इतके आंबट असते की दात शिवशिवतात. पाणी उतरले की आंबटपणा ओसरतो, साखर चढते, आणि मग माणसे ब्रिक्स मोजत फिरतात. म्हणजे कच्चे म्हणा की आंबट म्हणा, फळ तेच. पण बोलणाऱ्याच्या मनात फरक आहे. कच्चे म्हणणारा म्हणतो, आज नाही. आंबट म्हणणारा म्हणतो, नकोच.

हा बदल वाटेत झाला. पहिल्या शतकात फीड्रस नावाच्या, स्वतःही गुलामीतून सुटलेल्या, रोमन कवीने लॅटिनमध्ये ही गोष्ट पद्यात केली. त्याच्या कोल्ह्याच्या तोंडी दोन्ही गोष्टी आहेत, ती अजून पिकली नाहीत आणि आंबट मला नकोत. तात्पर्यही बदलले: जे करता येत नाही त्याला तोंडाने हिणवणारे लोक. पुढे फ्रान्समध्ये ला फोंतेनने १६६८ साली ती सांगितली, तिथे द्राक्षे हिरवी आहेत, हलक्या लोकांच्या लायकीची. इंग्रजीत आंबट हाच शब्द पक्का झाला. स्वीडनमध्ये द्राक्षांची पंचाईत, म्हणून तिथला कोल्हा रोवन नावाच्या झाडाच्या लाल फळांना आंबट म्हणतो. जपानात तर पोर्तुगीजांबरोबर आलेल्या जेझुइट पाद्र्यांनी १५९३ मध्येच इसाप जपानी भाषेत छापला होता.

जनावरही बदलले, ही आणखी एक गंमत. ग्रीक गोष्टीतला प्राणी म्हणजे इंग्रजीतला फॉक्स, आपल्याकडे त्याला खोकड म्हणतात. कोल्हा वेगळा, तो जॅकल. पण आपल्याकडे गोष्टीतली हुशारी करायची ती कोल्ह्याने, पंचतंत्रातल्या करटक-दमनकापासून ते खाते त्याच्याकडेच आहे. मग भाषांतर करणाऱ्याने खोकडाला बाजूला सारून अनुभवी माणसाला पोस्टिंग दिले. योग्यच केले. ‘खोकडाला द्राक्षे आंबट’ हे कानाला बरे लागत नाही. आणि खरे सांगायचे तर बागेत पडलेले मणी वेचायला रात्री येत ती कोल्हीच.

आता मुद्द्याकडे येतो. हा इसाप मराठीत छापून प्रथम कुठे आला?

माझी समजूत अशी होती की मुंबई किंवा पुणे. तसे पुस्तक आहेही. सदाशिव काशिनाथ छत्रे, म्हणजे बापू छत्रे, यांची इसापनीती १८२८ ची. मुंबईत शाळांसाठी पुस्तके तयार करणारी जी सोसायटी होती, तिचे ते नेटिव्ह सेक्रेटरी. त्याच वर्षी त्यांचे ‘बाळमित्र’ही आले. छत्र्यांची इसापनीती पुढे पिढ्यान् पिढ्या शाळेत वाचली गेली, आणि इसापाच्या मागे ‘नीती’ लागली ती घट्ट बसली. विदुरनीती, चाणक्यनीती, तशी इसापनीती. ग्रीक गुलामाला आपण थेट विदुराच्या पंगतीला बसवले. तामिळमध्ये त्यांना ‘ईसाप कदैगळ’ही म्हणतात, इसापाच्या गोष्टी.

पण छत्र्यांच्या आधी बावीस वर्षे, १८०६ साली, इसापाच्या गोष्टी मराठीत देवनागरी लिपीत छापून झाल्या होत्या. आणि त्या छापल्या गेल्या इथून साडेतीनशे किलोमीटरवर, तंजावरला. पुस्तकाचे नाव ‘बालबोध मुक्तावली’. भाषांतरकार सक्खण पंडित. छापखाना सरफोजी महाराजांचा, त्याचे नाव नवविद्याकलानिधी.

मंडळी, १८०६ म्हणजे पुण्यात अजून पेशवाई होती. मुंबईत शाळेसाठी मराठी पुस्तके छापायला अजून बराच अवकाश होता. श्रीरामपूरला, बंगालमध्ये, केरीसाहेबांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण काढले होते, पण ते मिशनऱ्यांचे काम. इकडे कावेरीच्या काठी एका मराठी राजाने स्वतःच्या खर्चाने छापखाना घातला आणि मुलांच्या गोष्टी छापल्या.

सरफोजी महाराजांचा आपल्या या शहराशीही संबंध आहे. ते जन्मले १७७७ मध्ये. दत्तक गेले, गादीवरून वाद झाला, जिवाला धोका होता. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने त्यांचा सांभाळ केला आणि १७९३ मध्ये त्यांना मद्रासला आणवले. इथे गेरिके नावाच्या पाद्र्याच्या देखरेखीखाली ते शिकले. म्हणजे मराठी घरातला एक मुलगा चेन्नईत राहून इंग्रजी शिकत होता, घरी मराठी, रस्त्यावर तामिळ. या मांडवात बसलेल्या आपल्या निम्म्या मुलांची हीच कथा आहे, राज्य सोडून.

१७९८ मध्ये गादी मिळाली आणि पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १७९९ मध्ये, कंपनीशी तह होऊन कारभार गेला. हातात राहिला तंजावरचा किल्ला, आसपासचा थोडा भाग आणि तनखा. त्यानंतर या माणसाने काय केले? पुस्तके जमवली, सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले. १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला, तो आजही तिथे आहे. ओरत्तनाडच्या छत्रात मुलांची शाळा चालवली. आणि इसाप छापला. राज्य नाही तर पुस्तके तरी, असे कोणी म्हणेल. द्राक्षे की काकडी, हा प्रश्न मला तंजावरच्या राजवाड्यात उभा असताना पडला होता. मला त्याचे उत्तर देता आलेले नाही.

‘बालबोध मुक्तावली’ या नावात इसाप कुठेच नाही, हेही बघण्यासारखे आहे. मुलांना कळेल अशा मोत्यांची माळ, एवढेच. आपल्याकडे बाळबोध हे लिपीचेही नाव. त्या काळात दरबाराचा कागद मोडीत चाले, हे पुस्तक मात्र बाळबोधात.

आणि व्यवहार एकेरी नव्हता. आपल्या नुंगंबाक्कमला कॉलेज रोड आहे. तिथले कॉलेज म्हणजे कंपनीच्या अधिकाऱ्यांना इथल्या भाषा शिकवण्यासाठी १८१२ मध्ये निघालेले फोर्ट सेंट जॉर्ज कॉलेज. तिथले तामीळ पंडित तांडवराय मुदलियार यांनी १८२६ मध्ये पंचतंत्र तामिळमध्ये आणले, आणि ते आणले मराठीवरून. इंग्रजीवरून नाही, मराठीवरून! इथल्या तंजावर मराठी घरांतून आजही वेगळ्या हेलाची मराठी बोलतात आणि आपण नव्याने आलेले लोक ती ऐकून हळूच हसतो. निदान मी तरी हसत असे. एकदा अशाच एका आजींनी मला विचारले होते, ‘तुमचे किती दिवस झाले या गावात?’ मी मोठ्या ऐटीत म्हणालो, ‘अठरा वर्षे.’ आजी म्हणाल्या, ‘आमची साडेतीनशे होत आली.’

मागच्या डिसेंबरात रात्रीच्या उळवन एक्स्प्रेसने मी मुलीला घेऊन तंजावरला गेलो. उळवन म्हणजे शेतकरी, आम्हा द्राक्षवाल्यांना साजेशी गाडी. जाण्याचे कारण वेगळेच होते. तिची मेडिकलची जागा थोड्या गुणांनी हुकली होती आणि घरात कोणी त्याबद्दल बोलत नव्हते. राजवाडा पाहिला, सरस्वती महालाचे छोटे संग्रहालय पाहिले. मुक्तावलीची प्रत त्या दिवशी बघायला मिळाली नाही. देवळात मात्र भिंतीवरचा मराठी लेख तिने बोटाने अक्षरे लावत वाचायचा प्रयत्न केला. तिचे शिक्षण सगळे इंग्रजी-तामिळमध्ये. मराठी तिला बोलता येते, वाचताना अडखळते. मध्येच म्हणाली, ‘बाबा, हे लोक इथे इतके जुने आहेत?’

परतीच्या गाडीत वरच्या बर्थवरून ती म्हणाली, ‘बाबा, डॉक्टर होऊन तरी काय? रात्रपाळ्याच असतात.’ मी काही बोललो नाही. माझ्याच तोंडचे वाक्य, फक्त ऑफिसरच्या जागी डॉक्टर. थोडा वेळ गेला. गाडी कुठल्याशा पुलावर चढली, सवयीने मी आवाज ऐकत होतो. मग वरूनच आवाज आला, ‘ची ची, इंद पळम पुळिक्कुम.’ आणि ती एकटीच हसायला लागली. हसता हसता थोडी रडलीसुद्धा.

मला सुचले ते असे. गोष्टीतला कोल्हा हे वाक्य बोलतो तेव्हा त्याला ते खरे वाटत असते. माझेही तसेच होते, मला मेटने सांगावे लागले. ही अठरा वर्षांची पोर स्वतःच बोलली आणि स्वतःच ऐकले. इसापाच्या संग्रहात असा कोल्हा मला सापडला नाही.

तिने यंदा पुन्हा परीक्षा दिली. निकाल काय लागला ते तिला विचारा, ती आत प्रसादाच्या खिरापतीला बसली आहे, सांगावेसे वाटले तर सांगेल.

माझे म्हणाल तर आमच्या परीक्षेची सूचना पुन्हा लागली आहे. वयाच्या हिशेबाने आणखी एक-दोन संधी आहेत. मेट अण्णांनी नोटीस बोर्डावरून तारीख स्वतः पाहून येऊन मला सांगितली, आणि पुढे काही बोलले नाहीत. फॉर्म टेबलाच्या खणात आहे, सही व्हायची आहे. शेवटची तारीख विसर्जनानंतर चार दिवसांनी आहे.

 आरतीची वेळ झाली आहे, मागच्या दोन ओळींतल्या खुर्च्या जरा सरकवून घ्या.

गणपती बाप्पा मोरया!